आमची वाटचाल: आवाज आत, गरम हवा बाहेर

2012 साली संभाजीनगरजवळच्या वाळूजला भाड्याच्या शेडमध्ये धाकटा भाऊ आणि मी जनरेटरच्या कॅनोपी, म्हणजे आवाज अडवणाऱ्या पत्र्याच्या पेट्या, बनवायला लागलो. लोडशेडिंगचे दिवस होते. मंगल कार्यालय, दवाखाना, जिनिंग, सगळ्यांकडे जनरेटर. नव्या जनरेटरचा आवाज कॅनोपीपासून एक मीटरवर 75 डेसिबलच्या आत हवा, हा नियम 2005 पासूनचा. जुने सेट वापरणारेही शेजारी भांडायला आले की आमच्याकडे यायचे. पत्रा, रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी तंतूंची गादी), रबराची बीडिंग हे काम हाताला बसलं. पुढे लोडशेडिंग कमी झालं तशा ऑर्डरीही कमी झाल्या, आणि आम्ही पॅनल बॉक्स, कॉम्प्रेसरची झाकणं असं मिळेल ते करत राहिलो.

2021 च्या डिसेंबरात सिडकोतला एक मुलगा शेडवर आला. पुण्यातली नोकरी घरून चालू होती आणि घराच्या मागच्या खोलीत त्याने बिटकॉइनच्या मायनिंगचं, म्हणजे रात्रंदिवस आकडेमोड करून बिटकॉइन हे डिजिटल चलन मिळवणारं, जुनं मशीन लावलं होतं, अँटमायनर एस-9. बुटाच्या खोक्यापेक्षा थोडं मोठं, पण दोन्ही टोकांना 120 मिलिमीटरचे पंखे मिनिटाला पाच-सहा हजार फेरे घेणारे. तो म्हणाला, "काका, वडिलांना झोप लागत नाही. वरच्या मजल्यावरच्या काकू दोनदा येऊन गेल्या. पेटी करून द्या." मला वाटलं, जनरेटरला गप्प केलं, हे केवढंसं!

पेटी आठवड्यात झाली. 18 मिलिमीटर प्लाय, आतून दोन इंच रॉकवूल, खाली हवा आत यायला जाळी, वर सहा इंची एक्झॉस्ट. दार लावलं आणि खोली शांत झाली. त्याचे वडील दारात उभे होते, त्यांनी माझा हात हातात घेतला. वीस मिनिटांनी मशीन स्वतःहून बंद पडलं. दार उघडलं तर तोंडावर भट्टीसारखा झोत आला, आणि चिकटवलेल्या गमाचा वास. डिसेंबर होता म्हणून बरं. चूक सर्वस्वी माझी होती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

जनरेटरमध्ये बरीच ऊर्जा वीज होऊन तारेतून बाहेर जाते, काही सायलेन्सरमधून. या मशीनमध्ये जेवढी वीज जाते तेवढीच उष्णता होऊन बाहेर पडते. एस-9 साधारण 1,350 वॅट खातं, म्हणजे एका पेटीत सव्वा-दीड इस्त्री चोवीस तास तापत ठेवल्यासारखं. हवा आत येताना आणि बाहेर जाताना दहा अंशांचाच फरक ठेवायचा, तर मिनिटाला सुमारे 240 घनफूट हवा फिरली पाहिजे. एवढी हवा सहा इंची पाइपातून सेकंदाला सहा मीटरने धावते आणि पाइपच शिट्टी वाजवतो. आठ इंची घेतला की वेग साडेतीनवर येतो. हा हिशोब मी पेटीच्या आधी करायला हवा होता, नंतर नाही.

पण खरा दोष त्याहून वेगळा निघाला. तो उदबत्तीने सापडला. मशीनच्या मागून निघालेली गरम हवा पेटीत वळसा घालून पुन्हा पुढच्या पंख्याकडे येत होती. धूर सरळ दिसत होता, गोल गोल. मग पेटीच्या मधोमध प्लायचा आडवा पडदा घातला, त्याला भोक पाडून मशीन त्यात घट्ट बसवलं, कडेला रबर. पुढची बाजू थंड, मागची गरम, दोन्हींची गाठच पडू द्यायची नाही. एक्झॉस्टला साधा पंखा उपयोगाचा नव्हता. वळणाच्या नळीत दाब पेलेल असा ब्लोअर लागतो, आणि त्याने मशीनच्या पंख्यांपेक्षा कमी हवा ओढली तर ते दोघे एकमेकांशी झगडतात.

आवाजाला आम्ही वळणं दिली. जिथून हवा जाते तिथून आवाजही जातो, त्यामुळे आत येणारा आणि बाहेर जाणारा दोन्ही मार्ग दोन-दोन वळणांचे केले. हवा वळते, आवाज रॉकवूलवर आपटून बराचसा तिथेच मुरतो. रॉकवूलवर ग्लासक्लॉथ (काचेच्या धाग्यांचं कापड) आणि बारीक भोकांचा पत्रा, नाहीतर तंतू उडून मशीनमध्ये जातात. आमच्या आवाज मोजायच्या यंत्रावर एक मीटर अंतरावर 76 डेसिबल दाखवत होतं, ते 51 वर आलं. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 ची आहे; खोलीचं दार लावल्यावर वरच्या मजल्यावर ऐकू येईना.

मराठवाड्याचा उन्हाळा मात्र कोणत्याही पेटीला हरवतो. बाहेर 42 असेल तर आत 42 च येणार, आणि ही मशीन 40 पर्यंतच्या हवेसाठी बनवलेली. कूलरची पॅड लावून द्या म्हणणारे खूप आले. कोरड्या हवेत पॅड गार करते हे खरं, पण आपल्या बोअरचं पाणी क्षाराचं. त्याचा एक शिंतोडाही बोर्डावर गेला की संपलं. मी प्रत्येकाला सांगतो, एप्रिल-मे दुपारी अकरा ते सहा मशीन बंद ठेवा. काही गिऱ्हाईकं त्यामुळे गेली, तरी सांगतो.

जालना, लातूर, नांदेड धरून अशा एकोणीस पेट्या गेल्या. 2022 च्या एप्रिलपासून क्रिप्टोच्या नफ्यावर 30 टक्के कर आला, 15 सप्टेंबरला इथेरियम या दुसऱ्या चलनाचं मायनिंगच बंद झालं, आणि ते कॉम्प्युटरच्या ग्राफिक कार्डांवर करणाऱ्यांच्या चौकशा त्याच महिन्यात थांबल्या. मायनिंगमध्ये पैसा आहे का, हे मला लोक विचारतात. वीजबिल समोर ठेवून त्यांनीच ठरवावं. मी पेटी विकतो म्हणून हो म्हणणार नाही.

सिडकोतलं ते पहिलं मशीन 2024 च्या एप्रिलमध्ये, एका ब्लॉकचं (व्यवहारांच्या एका गठ्ठ्याचं) मायनिंगचं बक्षीस 6.25 वरून 3.125 बिटकॉइन झालं तेव्हा, त्या मुलाने उतरवलं. पेटी त्याच्या मामांनी परभणीला दातांच्या दवाखान्यात नेली, कॉम्प्रेसरवर बसवायला. मी स्वतः जाऊन बसवून आलो. कॉम्प्रेसर थांबून थांबून चालतो, त्याला एवढी हवा लागत नाही, म्हणून मधला पडदा काढला, ब्लोअरला रेग्युलेटर लावला. उदबत्ती तिथल्या देव्हाऱ्यातली घेतली.