हॉर्न

अलास्कातील डाल्टन महामार्गालगत मस्क ऑक्स, म्हणजे बैलासारखे दिसणारे लांब केसांचे रानटी प्राणी, शांतपणे चरत होते. त्यांनी माना वर कराव्यात म्हणून पुढच्या गाडीतून कोणीतरी हॉर्न वाजवला आणि क्षणात मोठ्या जनावरांनी पिल्लांना पाठीशी घेऊन शिंगे आमच्या दिशेने रोखली.

छायाचित्रे उत्तम आली असतील. मला मात्र पिल्लांना आत घेण्याची ती घाई अजून अस्वस्थ करते आहे.

लांडग्यांपासून वाचवणारे हेच कडे बंदुकीपुढे घातक ठरले, कारण न पळता जागीच उभा राहणारा कळप शिकाऱ्यांना सहज टिपता येई, आणि १९व्या शतकाच्या अखेरीस अलास्कातून हा प्राणी नाहीसा झाला. आजचे कळप १९३० मध्ये ग्रीनलंडहून आणलेल्या ३४ जनावरांचे वंशज आहेत.

इंजिन बंद करून दुर्बिणीतून पाहत थांबलो असतो, तर त्यांनी आपणहून मान वर केली नसती का?