तुम्ही विचारलंत म्हणून: एडिटर असून एक्स्टेंडेड कट का?

लॉर्ड ऑफ द रिंग्जचे तीन डीव्हीडी बॉक्स माझ्या शेल्फवर दिसले की कोणीतरी विचारतंच, तू स्वतः एडिटर, कापणं हेच तुझं काम, मग थिएटरातला आटोपशीर कट सोडून हे वाढवलेल्या सीनसकट चार-चार तासांचं काय जपून ठेवलंयस? आजवर "आवडतं" एवढंच म्हणून मी सुटलोय. आता एकदा नीट सांगतो.

लांब म्हणजे चांगलं असं मी कधीच म्हटलेलं नाही. पहिला भाग, फेलोशिप, थिएटरात 178 मिनिटांचा होता, नोव्हेंबर 2002 मधल्या एक्स्टेंडेड डीव्हीडीवर 208 मिनिटांचा झाला, आणि त्यातलं सगळंच हवं होतं असं नाही. दिग्दर्शक पीटर जॅक्सनसुद्धा याला डायरेक्टर्स कट, म्हणजे त्याला हवा तसा अंतिम सिनेमा, म्हणत नाही. पण उरलेला माल आणून चिकटवला असं जे लोक म्हणतात ते मला सहन होत नाही. वाढवलेल्या सीनसाठी इफेक्ट्स पूर्ण केले, हॉवर्ड शोरने म्युझिक केलं, अख्खा सिनेमा नव्याने बांधला. चार डिस्कचा सेट, सिनेमा दोन डिस्कवर, एल्रॉन्डच्या सभेचा सीन संपला की उठून डिस्क बदलायची, आणि बाकीच्या दोन डिस्कवर मिनिएचर, चिलखतं, साउंड, एडिटिंग असं सगळं कसं केलं ते. माझा सेट मावसभावाने अमेरिकेतून आणलेला, रिजन एकचा (डीव्हीडी ज्या भागासाठी काढलेली असते तिथल्याच प्लेअरवर चालते), आमचा प्लेअर रिजन पाचचा, रिमोटवरून कोड टाकून तो उघडला तेव्हा कुठे चालला. मी हे काम शिकलो ते बरंचसं त्याच डिस्कवर.

आणि दुसऱ्या भागातला, टू टॉवर्समधला फॅरामिर बघा. थिएटरच्या कटमध्ये तो नुसता वाट अडवणारा माणूस. एक्स्टेंडेडमध्ये ऑस्गिलिएथ शहरातला तो जुना प्रसंग आहे, विजय झालाय, तो आणि त्याचा थोरला भाऊ खुशीत आहेत आणि तेवढ्यात बाप येऊन थोरल्याला मिठी मारतो आणि धाकट्याला घालूनपाडून बोलतो. त्यानंतर अंगठी बापापर्यंत न्यायची त्याची धडपड कळते. एका सीनने माणूस बदलतो.

पण खरं कारण हे नाही, ते सारुमान आहे, त्या कथेतला दुष्ट जादूगार. तिसरा भाग, रिटर्न ऑफ द किंग, 2003 च्या डिसेंबरात आला तेव्हा त्यात सारुमानचा शेवटच नव्हता, पूर्ण सीन काढला होता. सारुमानचं काम करणारे ख्रिस्तोफर ली फार दुखावले, आणि तसं बोललेही. मूळ पुस्तकाचे लेखक टॉल्किन यांना प्रत्यक्ष भेटलेला, दरवर्षी ते पुस्तक वाचणारा माणूस. तेव्हा मी मित्रांना ठासून सांगायचो की बरोबर काढला, नव्या सिनेमाच्या सुरुवातीलाच मागच्या सिनेमाचा हिशोब कशाला. विशीत होतो. बोलायला काय जातं.

पुढे मी एक शॉर्ट फिल्म एडिट केली. 27 मिनिटं होत होती, फेस्टिव्हलला 20 च्या आत हवी होती. त्यात एक काका होते, आयुष्यभर हौशी नाटकं केलेले, कॅमेऱ्यासमोर पहिल्यांदाच. त्यांचा एकच सीन, एसटी स्टँडच्या बाकावर बसून मुलाच्या फोनची वाट बघतात, चार मिनिटं, जवळजवळ संवादच नाही. तो काढला की फिल्म एकदम पळायला लागायची. मी काढला. डिरेक्टर म्हणाला काकांना मी कळवतो, आणि त्याने कळवलं नाही, आणि मीही विचारलं नाही की कळवलंस का. स्क्रीनिंगला काका आले ते काकू, सून आणि नातू यांना घेऊन, कडक इस्त्रीचा शर्ट घालून, दुसऱ्या रांगेत बसले. मी मागे उभा होतो. नातू दर दोन मिनिटांनी विचारत होता, आजोबा, आता तुम्ही येणार? आधी ते हो म्हणत होते, मग नुसती मान हलवत होते, मग तेही थांबलं. शेवटी क्रेडिट्समध्ये नाव आलं. बाहेर चहा घेताना माझ्याजवळ येऊन म्हणाले, "छान झालीय हो, कुठे रेंगाळत नाही." राग नव्हता त्यात, खरंच तसं वाटलं होतं त्यांना, आणि मला मान वर करता आली नाही. मी सॉरीसुद्धा म्हटलं नाही.

तीन वर्षांनी काका गेले. मुलाचा फोन आला, बाबांचा तो सीन मिळेल का, घरच्यांना बघायचाय. रशेसची, म्हणजे कच्च्या शूटिंगची, हार्ड डिस्क मी तोवर फॉरमॅट करून दुसऱ्या कामाला वापरली होती. बॅकअप नव्हता. हे त्याला सांगताना माझ्याकडे एकही धड शब्द नव्हता.

सारुमानचा सीन 2004 च्या डीव्हीडीवर परत आला, सगळ्यांना बघता येतो, ली यांनाही ते गेले त्याच्या कितीतरी आधी बघता आला. माझ्या काकांचा कुठेच नाही.

तुम्ही म्हणाल म्हणजे तो सीन ठेवायला हवा होता. नाही. ती फिल्म 19 मिनिटांचीच बरोबर आहे, आज परत बसवलं तरी मी बहुतेक तिथेच कापेन, आणि सारुमानचा सीन अजूनही मला रेंगाळलेला वाटतो. त्याच वेळी असंही वाटतं की कापणाऱ्याने कापलेलं जपून ठेवायलाच हवं. ह्या दोन्हींची सांगड मला अजून घालता आलेली नाही. म्हणून ते बॉक्स आहेत शेल्फवर. आणि ओटीटीचं म्हणाल तर ज्या दिवशी हक्क संपतात त्या दिवशी सिनेमा तिथून जातो, डिस्क घरातून कोणी नेत नाही.