लाडू जेवत नाहीये, आणि तेच नॉर्मल आहे

तर आमच्याकडे बॉल पायथन आलाय, म्हणजे आफ्रिकेतला छोटा, बिनविषारी अजगर. कोलंबस, ओहायो, हॉलमधे टीव्हीच्या शेजारी काचेच्या पेटीत. लेक कित्येक वर्षं मागे लागला होता, शेवटी रेप्टाइल शोमधे एका ब्रीडरकडून पिल्लू घेतलं. घाबरलं की तोंड मधे घालून स्वतःचा लाडू वळतं, म्हणून नाव लाडू. जंगलातून पकडलेलं नाही याची आधी खात्री केली, कारण घाना, टोगो, बेनिनकडून हे साप ढिगाने बाहेर जातात आणि पकडून आणलेल्यांना गोचिड्या काय, जंत काय, शिवाय ते जेवायलाही फार त्रास देतात.

आता खरं सांगते, याचं करायला काही फार नाहीये, आणि तेच अवघड आहे. आपल्याला सवय असते ना, नवीन जीव घरात आला की उचल, कुरवाळ, सगळ्यांना दाखव. इथे पहिला आठवडा हात लावायचा नाही, आणि त्यानंतरही दोन-तीनदा नीट जेवेपर्यंत शक्यतो नाहीच. लेकाचे मित्र येऊन काचेला नाकं लावून गेले, लाडूसाहेब बिळातून बाहेर आलेच नाहीत.

पेटीत बिळं, म्हणजे लपायच्या जागा, दोन लागतात, एक गरम बाजूला, एक थंड बाजूला, दोन्ही एकसारखी आणि घट्ट, अंगाला चहूबाजूंनी टेकतील अशी. एकच ठेवलं तर तो ऊब की लपणं यातलं लपणं निवडतो आणि मग अन्न पचत नाही. गरम बाजू ८८ ते ९२ फॅरनहाइट, थंड बाजू ७६ ते ८०, आणि हीटरला थर्मोस्टॅट हवाच हवा, नाहीतर पोट भाजतं आणि साप हूं की चूं करत नाही. ह्युमिडिटी ६० टक्क्यांच्या वर. इथे हिवाळ्यात फर्नेस सुरू झाला की आपलेच ओठ फुटतात तर त्याचं काय, म्हणून खाली नारळाच्या भुश्याचा जाड थर आणि त्यातच पाणी ओतते. हवा कोरडी राहिली तर कात अखंड न निघता तुकड्यातुकड्याने निघते.

जेवणाचं मात्र प्रकरण आहे! फ्रीजरमधे मटारच्या पिशव्यांखाली उंदीर आहेत, वेगळ्या डब्यात, लिहून ठेवलेले. आदल्या रात्री एक खाली फ्रिजमधे, मग झिपलॉकसकट गरम पाण्यात, मायक्रोवेव्ह अजिबात नाही, फुटतो. शेवटी हेअर ड्रायरने फक्त डोकं गरम करायचं कारण लाडूच्या ओठांवर उष्णता कळणारे खळगे असतात, त्याला गार उंदीर म्हणजे दगडच. लांब चिमट्यात धरून बिळाच्या तोंडाशी हलवला की आधी जीभ येते, मग मान हळूच इंग्रजी एससारखी मागे जाते, आणि मग काय होतं ते दिसतच नाही, चिमट्याला फक्त झटका बसतो आणि उंदराला विळखे पडलेले असतात, तेही मेलेल्या उंदराला. त्यानंतर दोन दिवस हात लावायचा नाही, नाहीतर उलटून टाकतो.

हे सगळं तो जेवला तर. सध्या बरेच आठवडे बिळातूनच नकार आहे. साताऱ्याहून आई व्हिडिओ कॉलवर रोज, "अगं मुक्या जिवाला उपाशी ठेवलंय, थोडं दूध तरी देऊन बघ." आई, साप दूध पीत नाही गं, नागपंचमीलाही नाही. बॉल पायथन हिवाळ्यात महिनोन्‌महिने जेवण सोडतात, मोठे तर सर्रास.

पुण्यातल्या भाचीलाही आता हवाय. तिला सांगितलं, आपला अजगर किंवा धामण पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि हा परदेशी असला तरी सायटीसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतला, त्यामुळे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते, आधी ते बघ. आणि आयुष्य बघ! २०-३० वर्षं सहज जगतात, सेंट लुईसच्या झूमधल्या एका म्हातारीने २०२० मधे साठी उलटल्यावर अंडी घातली होती. लेक कॉलेजला गेला की हा कोणाच्या गळ्यात पडणार ते मला स्पष्ट दिसतंय.

तोवर काळजी एकाच गोष्टीची, वजन. ते टिकून असेल तर उपास चालू दे, भराभर उतरलं किंवा श्वासाला शिट्टी यायला लागली तर सापांचं कळणारा व्हेट. डबा ठेवून ग्रॅममधे मोजतो, आकडे फ्रिजवर लिहितो. किचनमधला काटा आता त्याचाच झालाय, केकसाठी मी दुसरा मागवलाय.