वर्षभर कळलं कसं नाही?

आईच्या बदललेल्या गुडघ्यात जंतू होते, तर वर्षभर तुम्हाला कळलं कसं नाही? लग्नात, फोनवर, जिन्यात, सगळीकडे हेच. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगते.

ताप नव्हता, पू नव्हता. गुडघा दुखायचा, किंचित गरम लागायचा. एक्स-रे चांगला होता. सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी, थोडं वाढलेलं, तर वयामुळे असेल असं पहिले डॉक्टर म्हणाले. कृत्रिम सांध्यावर जंतू चिकट थर करून दबून बसतात, हे मला कुठून ठाऊक असणार?

पण एक गोष्ट माझीच आहे. गुडघ्यातलं पाणी काढून तपासायचं ठरलं, त्याच्या चार दिवस आधी आईला रात्रभर ठणका लागला. दाताच्या वेळच्या अँटिबायोटिकच्या सहा गोळ्या घरात उरल्या होत्या. मीच दिल्या, सकाळी एक, रात्री एक. तिला उतारही पडला. सुई घालण्याआधी डॉक्टरांनी विचारलं, "औषध काय चालू आहे?" आई म्हणाली, "बीपीची गोळी." मी शेजारीच उभी होते. गोळ्या आदल्या रात्री संपल्या होत्या, म्हणजे 'चालू' नव्हत्या, असं मनाशी म्हणत गप्प राहिले. कल्चरमध्ये, म्हणजे ते पाणी ठेवून जंतू वाढतात का पाहायच्या तपासणीत, काहीच वाढलं नाही. आम्ही देवापुढे पेढे ठेवले. नंतरचे आठ महिने आई भिंत धरून चालली.

त्या पाण्यातल्या पांढऱ्या पेशी, जंतू असले की वाढतात त्या, मोजायला मात्र कुणी सांगितलंच नव्हतं. तो दोष मी का घेऊ?

दुसऱ्या डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न अँटिबायोटिकचा. पुन्हा पाणी काढेपर्यंत एकही गोळी नको म्हणाले, कारण गोळीने जंतू दबले तर ते कल्चरमध्ये वाढत नाहीत. या वेळी पेशी मोजल्या. मायक्रोलिटरला 3000 च्या वर गेल्या की संशय बळावतो. आईच्या 11,000 होत्या. सांधा काढताना भोवतालच्या पाच जागांच्या मांसाचे तुकडे घेतले, लॅबने ते कल्चरसाठी 14 दिवस ठेवले. तिनांत स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा जंतू निघाला. तो आपल्या सगळ्यांच्याच कातडीवर असतो. एकाच तुकड्यात सापडला असता तर बाहेरून लागला असेल म्हणता आलं असतं.

गोळ्या दिल्या नसत्या तर पहिल्याच वेळी सापडला असता? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही, गोळ्यांशिवायही कल्चर कोरं येतं. हे मी स्वतःला रोज ऐकवते. मग तो ठणक्याचा आवाज आठवतो, आणि वाटतं, पुन्हा तशी रात्र आली तर मी काय करेन?

आईच्या गुडघ्यात सध्या औषध मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता सांधा आहे, नवा बसवायचं दुसरं ऑपरेशन बाकी आहे. गोळ्यांचं तिला परवा सांगितलं. ती म्हणाली, "त्या गोळ्यांनी रात्री झोप लागली होती गं मला."