अर्धी दाढी

ऑक्युपेशनल थेरपी म्हणजे आजार, इजा किंवा अडचण असताना रोजची कामं स्वतः करता यावीत यासाठीचा उपचार. तिच्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी जिथे निरीक्षणाचे, म्हणजे थेरपिस्टचं काम प्रत्यक्ष बघितल्याचे, तास मागतात, तिथे एक सल्ला हमखास मिळतो: एकच जागा धर, तास भर, सही घे, मोकळी हो. मी जागा बदलत राहिले. हातांच्या क्लिनिकमध्ये गरम पाण्यात मऊ झालेली प्लास्टिकची शीट मनगटावर बसवून बघता बघता स्प्लिंट, म्हणजे हाताला आधार देणारा साचा, तयार होताना पाहिला. मुलांच्या केंद्रात झोके लावले, खेळणी पुसली. मुलगा शर्टाच्या बटणाशी झटत असतो आणि आईचे हात नकळत पुढे येतात; थेरपिस्टचं अर्धं लक्ष त्या हातांकडे असतं, हे तिथेच समजलं. तेव्हा ते वहीत लिहिण्यासारखं वाटलं नव्हतं.

मग पक्षाघाताच्या रुग्णांचा पुनर्वसन विभाग. इथे स्वयंसेवकाने रुग्णाला हात लावायचा नाही. सामान आणून द्यायचं, बाजूला बसायचं, आणि रुग्णाने परवानगी दिली तरच बसायचं.

त्या सकाळी एका काकांनी दाढीचं इलेक्ट्रिक मशीन खाली ठेवलं आणि म्हणाले, "झाली." उजवा गाल स्वच्छ, डावा जसाच्या तसा. आरसा समोर होता, चष्मा डोळ्यांवर होता. काकू वैतागल्या. जेवतानाही ताटातली डावी बाजू तशीच ठेवतात, वर पोट भरलं नाही म्हणतात, मुद्दाम करतात की काय कळत नाही, म्हणाल्या.

मुद्दाम नव्हतं. मेंदूच्या उजव्या भागाला इजा झाली की काही रुग्णांचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. डोळे तपासले तर ठीक निघू शकतात. याला 'निग्लेक्ट' म्हणतात. कागदावरच्या चांदण्या खोडायला दिल्या, तर असा रुग्ण उजवीकडच्या खोडतो आणि कागद परत करतो. आपलं काही राहिलंय हे त्याला जाणवतच नाही, त्यामुळे "नीट बघा ना" हे वाक्य किती निरुपयोगी आहे ते बघा. तरी नातेवाईक दिवसभर तेच म्हणत असतात.

विभागातल्या थेरपिस्ट मॅडमनी चांदण्यांचा कागद काढलाच नाही. स्वतःची दाढी स्वतः करायची, ही काकांची मागणी होती, म्हणून उपचारही दाढीचाच. त्यांनी आरशाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली, काकांचा डावा हात टेबलावर दिसेल असा ठेवला आणि स्वतः डावीकडे जाऊन बसल्या. "काका, आधी लाल पट्टी शोधा."

नजर मधेच अडायची आणि परत उजवीकडे घसरायची. बराच वेळ गेला. काकूंनी मशीन घेण्यासाठी हात पुढे केला आणि मॅडमनी मान न वळवता तो अलगद थांबवला. मान हळूहळू वळली. पट्टी सापडली. मग मॅडम म्हणाल्या, "आता उजव्या हाताने हनुवटीवरून पलीकडे चाचपत जा." खुंट बोटांना लागले तसे काका चमकले. "अरे, हे राहिलंच की!" आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

मला वाटलं, जमलं! मॅडमनी लगेच जमिनीवर आणलं. उद्या पट्टी पुन्हा लागेल, आणि दाढीत जमलं म्हणून ताटात आपोआप जमेल असं नाही. ताटाचा सराव ताटावरच. काकूंना मात्र त्यांनी बसवून नीट समजावलं: बोलायला डावीकडून या, ताट फिरवून देण्याआधी त्यांना डावी कड शोधायला सांगा, आणि थांबा.

नंतर त्यांनी विचारलं, "तू काय बघत होतीस?"

"काकूंचा हात."

"हे कुठे शिकलीस?"

मी मुलांच्या केंद्राचं सांगितलं. त्यांनी तासांच्या वहीवर सही केली आणि पुढे कुठे जाणार ते विचारलं. मानसिक आरोग्याचं डे सेंटर, म्हटलं. बरेच विद्यार्थी ते टाळतात. खरं तर १९१७ साली अमेरिकेत या व्यवसायाची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, तेव्हा संस्थापकांत विल्यम रश डंटन हे मनोविकारतज्ज्ञ होते.

"जा," मॅडम म्हणाल्या. "तिथे दाढी कशी करायची हा प्रश्नच नसतो. कशाला करायची, इथून सुरुवात असते."