बंधाऱ्याखाली फिरणारा नारळ

वेगवान पाण्यात कायाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी अरुंद होडी, चालवायला मी कोलाडला कुंडलिकेवर शिकलो. तिथे मुळशीच्या तलावाचे पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजगृहातून येते आणि ठरलेल्या वेळी सोडले जाते, त्यामुळे आज नदी किती भरेल याचा अंदाज आधीच बांधता येतो. सह्याद्रीच्या कड्यावरून थेट कोकणात उतरणाऱ्या वहाळाचे तसे नाही. घाटमाथ्यावर तासभर कोसळून पाऊस पडला की तो लाल होऊन फुगतो आणि पाऊस थांबल्यावर पाहता पाहता ओसरतो, म्हणून उतरायला योग्य असे पाणी जेमतेम काही तास टिकते.

गेल्या आषाढात आम्ही तिघे खेड तालुक्यातल्या, जगबुडीला मिळणाऱ्या एका वहाळावर गेलो होतो. एकावर एक साचलेल्या लाव्हाच्या थरांमुळे इथला काळा कातळ पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो. पुरुषभर उंचीच्या तीन पायऱ्या आम्ही नीट उतरलो. काठावर पोचताच वल्ह्याचा शेवटचा हात जोरात मारून कायाकचे नाक उचलले, की ती खालच्या उलट्या पाण्याच्या पलीकडे सपाट पडते. हे जमले नाही तर नाक खाली बुडते आणि मागे ओढणारे पाणी कायाकला धबधब्याखालीच धरून ठेवते. चौथी पायरी म्हणजे सिमेंटचा बंधारा होता, उंची फार तर चार फूट. मला तो सगळ्यांत सोपा वाटला, आणि पाहणी न करताच मी निघणार होतो.

काठावर गुरे राखणाऱ्या एका काकांनी हात वर करून आम्हाला थांबवले. ‘‘बाळा, तिथं होडी घालू नको. तो नारळ बघ, सकाळपासून तिथंच फिरतोय,’’ ते म्हणाले.

आम्ही काठावर चढून पाहिले. तपकिरी, सोललेला नारळ पांढऱ्या फेसात वर यायचा, हातभर पुढे सरकायचा, परत बंधाऱ्याकडे ओढला जायचा आणि कोसळत्या धारेखाली दिसेनासा व्हायचा. मी घड्याळ लावून बारा मिनिटे पाहत राहिलो; तो एकदाही सुटला नाही. कातळाच्या पायरीला कुठे तरी फट असते, एका बाजूने पाणी वाहून जाते आणि अडकलेला माणूस तिकडे सरकू शकतो. बंधाऱ्याची धार मात्र या काठापासून त्या काठापर्यंत एकसारखी, त्यामुळे खालची उलटी फिरकीही सलग. त्यातच फेसाळ पाण्यात हवा मिसळलेली असल्याने लाइफ जॅकेटही पुरेसे वर उचलत नाही.

आम्ही कायाक खांद्यावर घेतल्या आणि नुकत्याच लावणी झालेल्या भाताच्या बांधांवरून, घोटाभर चिखलातून बंधारा ओलांडला.

त्या दिवसापासून मी प्रत्येक वहाळ आधी वैशाखात, कोरडा असताना, पायी चालून पाहतो. पोत्यांचे वनराई बंधारे पहिल्या पुरात वाहून जातात. सिमेंटचे राहतात, आणि भरल्या पाण्यात वरून येणाऱ्याला ते दिसतच नाहीत. यंदा त्याच वहाळावर मला आणखी दोन नवे बंधारे आढळले. त्यांच्या जागा, वरच्या बाजूला थांबता येईल असे शांत पाणी आणि कायाक उचलून नेण्याची वाट मी वहीत लिहून सोबतच्या दोघांनाही दिली आहे.