विसावा त्रिकोण

स्मरणिकेसाठी लिहायचं म्हटल्यावर सहली, स्नेहसंमेलनं सगळं आठवलं. पण मला लिहायचंय ते नववीतल्या भूमितीच्या एका तासाबद्दल.

सरांनी जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यातून घनाकृती करून आणायला सांगितल्या होत्या. माझ्या वाट्याला आयकोसाहेड्रॉन आला. वीस समभुज त्रिकोण, एकेका टोकाशी पाच. खळ लावून एकोणीस जुळले. विसावा काही केल्या बसेना. तसाच घेऊन वर्गात गेलो.

"बसत नाही, सर."

"अरे, बसण्याचंच तर नाव आहे हे!" म्हणत सर फळ्याकडे वळले. ग्रीक भाषेत 'हेड्रा' म्हणजे बसायची जागा, आसन. ठोकळा ज्या बाजूवर टेकतो ते त्याचं आसन. चार आसनांचा टेट्राहेड्रॉन, सहांचा हेक्साहेड्रॉन म्हणजे आपला घन, आठांचा ऑक्टा, बारांचा डोडेका, वीसांचा आयकोसा. सुसम घनाकृती या पाचच. युक्लिडने तेराव्या खंडात ते सिद्ध केलंय. 'गॉन' म्हणजे कोन, तो सपाट आकृत्यांना लागतो.

मग सरांनी जे सांगितलं ते मी आजवर विसरलो नाही. हा 'हेड' म्हणजे संस्कृतातल्या 'सद्' धातूचा सख्खा भाऊ. सदन, संसद, सभासद, सगळीकडे तोच 'बसणं' धरून आहे. ग्रीकांकडे शब्दारंभीच्या 'स'चा 'ह' झाला: सप्तचा हेप्टा, तसा सद्‌चा हेड. आम्ही बडोद्याच्या दांडिया बाजारातली मुलं, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर गुजराती. सरांनी विचारलं, "खंडेराव मार्केटात खेड्यातली भाजीवाली तुम्हाला 'बसा' म्हणताना 'बेसो' म्हणते की 'बेहो'?" सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "बेहो!" अथेन्स त्या क्षणी मार्केटाइतकं जवळ आलं. पुस्तकातला 'विंशतिफलक' हा शब्द चोख आहे, पण फलक म्हणजे फळी. त्यात हे बसणं नाही.

तास संपल्यावर सरांनी माझे त्रिकोण पट्टीने मोजले. प्रत्येकाची एखादी बाजू केसभर कमीजास्त होती आणि ते सगळं शेवटच्या फटीत जमा झालं होतं. घरी जाऊन वीसही नव्याने कापले, कंपासने. दुसऱ्या दिवशी विसावा बसला. सरांनी तो प्रयोगशाळेतल्या कपाटावर ठेवला. शाळा सोडेपर्यंत येता-जाता मी त्याला वेगळ्या बाजूवर बसवत असे.